कॅल्क्युलेटर ॲपमध्ये युजरने टाकलेलं गणित सोडवायचं कसं? नवख्यांसाठी, इव्हॅल न वापरता

कॅल्क्युलेटर ॲप हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बहुतेकांच्या पहिल्या काही प्रोजेक्टमधला एक असतो. बटणं, रंग, डार्क मोड सगळं झक्कास जमतं आणि मग गाडी एकाच ठिकाणी अडते, युजरने स्क्रीनवर जी लांबलचक ओळ टाकलीय तिचं उत्तर काढायचं कसं? तुमच्या हातात असते ती नुसती स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ. कॉम्प्युटरला त्यातलं काहीच कळत नाही, त्याला २ हाही अक्षर आणि + हेही अक्षरच.

उदाहरणासाठी मंगळदास मार्केटमधला एखादा कापडवाला घेऊ. गिऱ्हाइकाने अडीच मीटर कापड १८० च्या भावाने घेतलं आणि तीन मीटर दुसरं २४० च्या भावाने, तर दुकानदार टाकणार

२.५ × १८० + ३ × २४०

उत्तर यायला हवं १,१७०. पण तुमचा ॲप डावीकडून उजवीकडे आंधळेपणाने हिशोब करत गेला तर ४५०, मग ४५३, मग त्याला २४० ने गुणून १,०८,७२० चं बिल निघेल. हा लेख या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे. शेवटपर्यंत वाचलात आणि सोबत टाईप करत गेलात तर कुठल्याही भाषेत, म्हणजे जावास्क्रिप्ट, कोटलिन, पायथन काहीही असो, शंभर-दीडशे ओळींत स्वतःचा हिशोबनीस लिहून होईल.

आधी ठरवा, ॲप कुठल्या जातीचा आहे

टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ दाबलं तर २० येतं, आणि ते चूक नाही बरं का. त्याची पद्धतच तशी आहे, ऑपरेटर (म्हणजे +, × असं चिन्ह) दाबला की आधीचा हिशोब तिथल्या तिथे पूर्ण. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्टँडर्ड मोडला २० येतं आणि सायंटिफिक मोडला १४, एकाच ॲपमध्ये दोन्ही.

माझं मत सरळ आहे. स्क्रीनवर एका वेळी एकच आकडा दिसत असेल तर डावीकडून उजवीकडे चालेल, कारण युजरला मधलं उत्तर दिसत असतं. पण पूर्ण ओळ दिसत असेल, जशी हल्ली सगळ्या फोनवर दिसते, तर शाळेतला नियम पाळलाच पाहिजे, कारण माणूस ती ओळ वहीतल्यासारखी वाचतो. पुढचं सगळं या दुसऱ्या जातीसाठी आहे.

शाळेतला नियम म्हणजे आपला कंचेभागुबेव. इथे एक सावधगिरी, तो जसाच्या तसा कोडमध्ये उतरवू नका. "बे" आधी आणि "व" नंतर म्हणून सगळ्या बेरजा आधी उरकल्या तर ८ − ३ + २ चं उत्तर ३ येईल, बरोबर उत्तर आहे ७. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, जे डावीकडे ते आधी. गुणाकार-भागाकाराचंही तेच.

इव्हॅलचा मोह

जावास्क्रिप्ट आणि पायथन दोन्हीत इव्हॅल नावाचं फंक्शन आहे, स्ट्रिंग दिली की ती कोड म्हणून चालवतं. एका ओळीत काम होतं म्हणून यूट्यूबवरचे निम्मे ट्युटोरियल तेच दाखवतात आणि डेमोमध्ये छान चालतंही. पण एकदा खऱ्या युजरच्या हातात द्या म्हणजे कळेल.

कोणी २^३ टाकलं तर उत्तर येतं १. कारण या दोन्ही भाषांत ते टोपीचं चिन्ह घात नसून बिटवाइज एक्सऑर आहे, म्हणजे दोन संख्यांचे बिट ताडून बघणारी वेगळीच क्रिया. कोणी ०१० + ५ टाकलं तर जावास्क्रिप्टच्या जुन्या नियमाने सुरुवातीचा शून्य म्हणजे ऑक्टल (आठाच्या पायावरची संख्या), ०१० चे होतात ८, त्यामुळे उत्तर १३. आणि ५०० + १०% टाकलं तर सिंटॅक्स एरर, कारण तिथे टक्क्याचं चिन्ह भागाकाराच्या बाकीसाठी राखून ठेवलेलं आहे. म्हणजे भाषेचे नियम आणि कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या माणसाचे नियम वेगळे आहेत, आणि इव्हॅल भाषेचेच पाळणार.

सुरक्षेचं तर सोडूनच द्या. इव्हॅल आकडे आणि कोड असा भेद करत नाही, त्या खोक्यात कोणी फाईल उडवणारी कमांड लिहिली तर तीही इमानदारीत चालवेल. स्वतःच्या फोनवर स्वतःच टाईप केलं तर नुकसान स्वतःचं, पण तेच सर्व्हरवर असेल तर बाहेरच्या कोणालाही तुमच्या मशीनची किल्ली दिल्यासारखं आहे. फक्त आकडे आणि चिन्हंच आत सोडली तरी पायथनमध्ये ९**९**९ एवढंच पुरेसं आहे (तिथे दोन स्टार म्हणजे घात), त्या संख्येत ३६,९६,९३,१०० अंक आहेत आणि पायथन बिचारा ते सगळे काढत बसतो. आणि हो, कॅल्क्युलेटरचं गणित सर्व्हरकडे पाठवायचंच कशाला? भुयारी मेट्रोत नेटवर्क गेलं की दोन अधिक दोन अडकणार.

आयफोनसाठी लिहिणाऱ्यांना एनएसएक्सप्रेशन नावाची तयार गोष्ट मिळते, तिलाही भुलू नका. ५/२ दिलं तर २ येतं, दोन्ही पूर्णांक असल्यामुळे उत्तराचा अपूर्णांक गायब. आणि अर्धवट ओळ दिली तर असा एक्सेप्शन (चालू प्रोग्राम थांबवणारी चूक) फेकतं की स्विफ्टमध्ये तो पकडताच येत नाही, ॲप बंद.

तयार लायब्ररी वापरायला माझी हरकत नाही, ऑफिसच्या कामात जरूर वापरा. पण शिकताना एकदा तरी हाताने लिहा.

पायरी १: ओळीचे तुकडे करा

स्ट्रिंग डावीकडून एकेक अक्षर वाचत जायचं आणि तुकड्यांची, म्हणजे टोकनची, यादी करायची. अंक दिसला की पुढचे अंक आणि दशांश चिन्ह संपेपर्यंत गोळा करा, ते झालं एक संख्येचं टोकन. ऑपरेटर दिसला की त्याचं वेगळं टोकन, कंसाचं वेगळं.

ऐकायला सोपं, पण खऱ्या जगातली ओळ स्वच्छ नसते. लोक व्हॉट्सॲपवरून आकडे कॉपी करून चिकटवतात, त्यात ₹ असतो, १,००,००० मधले स्वल्पविराम असतात. गुणाकाराला कोणी × देईल, कोणी स्टार, कोणी चक्क इंग्रजी एक्स. वजाचं तर विचारूच नका, कीबोर्डवरची छोटी रेघ वेगळी, गणितातलं वजा वेगळं, वर्ड आपणहून बदलून देतो ती लांब रेघ वेगळी, आणि दिसायला सगळ्या सारख्याच. तुकडे करतानाच या सगळ्यांचं एकाच चिन्हात रूपांतर करून टाका म्हणजे पुढच्या कोडला डोकेदुखी नको.

मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी अंकही घ्या, आपल्याच लोकांसाठी ॲप करताय ना? पायथन १२३ ला मुकाट्याने संख्या मानतो पण जावास्क्रिप्ट नॉट अ नंबर म्हणून मोकळा होतो. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढे नऊपर्यंत ओळीने आहेत, त्यामुळे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक मिळाला.

रिकाम्या जागेचं मात्र नीट बघा. नवशिके सुरुवातीलाच सगळ्या स्पेस उडवून टाकतात, मग "१२ ३४" चं गुपचूप १२३४ होतं. युजरच्या मनात बहुतेक मधे एखादं चिन्ह होतं जे राहून गेलं, तेव्हा स्पेस आली की संख्या तिथे संपली असं माना, म्हणजे पुढे दोन संख्या लागोपाठ दिसल्यावर एरर देता येईल. .५ आणि ५. दोन्ही चालू द्या, लोक तसं टाकतात. १.२.३ मात्र परत पाठवा.

पायरी २: दोन स्टॅक

आता मुख्य काम. याची जी रीत आहे तिला शंटिंग-यार्ड म्हणतात, एट्सखर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने ती १९६१ मध्ये ॲमस्टरडॅमला असताना मांडली. नाव रेल्वेवरूनच पडलंय. कल्याणच्या यार्डात एखादा डबा बाजूच्या रुळावर नेऊन उभा करतात, मागचे डबे पुढे काढतात आणि मग त्याला योग्य जागी जोडतात, तसंच इथे ऑपरेटरचं होतं. तो आला की लगेच वापरायचा नाही, बाजूला उभा करायचा, त्याच्या मागून कोण येतंय ते बघायचं.

मूळ रीतीत ओळीचं आधी रिव्हर्स पोलिश रूप करतात, म्हणजे २ + ३ चं २ ३ +, आणि मग ते सोडवतात (एचपीचा १९७२ चा एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर तर युजरलाच त्या रूपात टाकायला लावायचा). आपण दोन्ही कामं एकदम उरकू. त्यासाठी दोन स्टॅक लागतील, एक संख्यांचा आणि एक ऑपरेटरचा. स्टॅक म्हणजे जे शेवटी ठेवलं ते आधी निघणार.

प्रत्येक ऑपरेटरला एक वजन द्या, बेरीज-वजाबाकीला १, गुणाकार-भागाकाराला २. मग टोकन एकेक करून घ्या.

संख्या आली तर संख्यांच्या स्टॅकवर ठेवा.

उघडणारा कंस आला तर ऑपरेटरच्या स्टॅकवर ठेवा, काही विचार करायचा नाही.

ऑपरेटर आला तर स्टॅकवर सगळ्यात वर कोण बसलंय ते बघा. वरच्याचं वजन नव्याएवढं किंवा जास्त असेल तर वरचा काढा, संख्यांच्या स्टॅकवरून दोन संख्या काढा, हिशोब करा, उत्तर परत संख्यांच्या स्टॅकवर ठेवा. वरचा हलका निघेपर्यंत, किंवा कंस लागेपर्यंत, किंवा स्टॅक रिकामा होईपर्यंत हेच. मग नव्याला वर बसवा.

बंद कंस आला तर उघडणारा कंस सापडेपर्यंत वरचे ऑपरेटर काढून हिशोब करत राहा, सापडला की तो फेकून द्या.

टोकन संपले की उरलेले ऑपरेटर एकेक करून संपवा. संख्यांच्या स्टॅकवर जी एकमेव संख्या उरेल ते उत्तर.

आपलं कापडाचं बिल यातून काढून बघू, वहीत सोबत लिहा म्हणजे पक्कं बसेल.

२.५ आलं → संख्या: २.५ | ऑपरेटर: रिकामा
× आलं → संख्या: २.५ | ऑपरेटर: ×
१८० आलं → संख्या: २.५, १८० | ऑपरेटर: ×
+ आलं, वर × बसलाय, तो जड, म्हणून आधी तो सोडवा → संख्या: ४५० | ऑपरेटर: +
३ आलं → संख्या: ४५०, ३ | ऑपरेटर: +
× आलं, वर + बसलाय, तो हलका, त्याला हात लावायचा नाही → संख्या: ४५०, ३ | ऑपरेटर: +, ×
२४० आलं → संख्या: ४५०, ३, २४० | ऑपरेटर: +, ×
टोकन संपले, × सोडवा → संख्या: ४५०, ७२० | ऑपरेटर: +
+ सोडवा → संख्या: १,१७०

सगळी गंमत सहाव्या ओळीत आहे. तिथे + थांबून राहिला म्हणून ४५३ झालं नाही.

दोन गोष्टींवर हमखास घसरगुंडी होते. एक, स्टॅकवरून जी संख्या आधी निघते ती उजवीकडची. बेरीज-गुणाकाराला फरक पडत नाही म्हणून सुरुवातीच्या टेस्ट पास होतात आणि मग ८ − ३ चं उत्तर −५ येतं. दुसरं, "एवढंच किंवा जास्त" यातलं "एवढंच" विसरलात तर ८ − ३ − २ चं ३ ऐवजी ७ येईल, कारण उजवीकडचं वजा आधी सुटेल.

पायरी ३: एक झेंडा ठेवा

वरची रीत जशीच्या तशी लिहिली तर तिच्यात एक भोक आहे जे बऱ्याच ट्युटोरियलमध्ये बुजवलेलं नसतं. "२ ३ +" असं उलटसुलट टाकून बघा, आरामात ५ येईल. दोन्ही स्टॅकना कशानंतर काय यायला हवं याचं काही देणंघेणं नसतं.

म्हणून एक व्हेरिएबल ठेवा, आत्ता संख्या हवीय की ऑपरेटर हवाय. सुरुवातीला संख्या हवी. संख्या मिळाली की ऑपरेटर हवा. ऑपरेटर मिळाला की परत संख्या हवी. उघडणाऱ्या कंसानंतर संख्या हवी, बंद कंसानंतर ऑपरेटर हवा. जे हवं ते न येता भलतंच आलं की एरर. एवढ्या एका झेंड्याने "२ ३", "५ × ÷ २", रिकामा कंस, सगळं पकडलं जातं.

आणि याच झेंड्याने ऋण संख्येचा प्रश्नही सुटतो. वजाचं चिन्ह आलं तेव्हा ऑपरेटर हवा होता तर ती वजाबाकी. संख्या हवी होती तर ते ऋणचिन्ह, म्हणजे पुढच्या एकाच संख्येला उलटं करणारं. −३ + ५, २ × −३, ४ − (−१) सगळं यात बसतं. ऋणचिन्हाला स्टॅकवर वेगळं नाव द्या आणि ते आलं की कोणालाही न काढता सरळ वर ठेवा. सोडवताना एकच संख्या काढायची.

२(३ + ४) असं गुणिले न टाकता लिहिलं तर? झेंडा म्हणतोय ऑपरेटर हवा आणि आला उघडणारा कंस. इथे मनाने एक × घुसवता येतो. पण ६ ÷ २(१ + २) हे दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर भांडणं लावणारं कोडं आठवतंय ना? साध्या गुणाकारासारखं धरलं तर ९, आणि कंसाला चिकटलेला गुणाकार जास्त जवळचा धरला तर १, सायंटिफिक कॅल्क्युलेटरांमध्येही दोन्ही प्रकार आहेत. मी × घुसवतो आणि तो स्क्रीनवर दाखवतोही, म्हणजे युजरला दिसतं की ॲपने काय समजून घेतलं, नको असेल तर तो स्वतः कंस टाकेल.

पायरी ४: घात

घात हवा असेल तर त्याला सगळ्यात जास्त वजन द्या, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. घात उजवीकडून सुटतो, २^३^२ म्हणजे २ चा ९ वा घात, ५१२. त्यामुळे घातासाठी "एवढंच किंवा जास्त" नको, फक्त "जास्त" हवं. दुसरं, −२^२ किती? गणिताच्या रिवाजाने −४, म्हणून ऋणचिन्हाचं वजन गुणाकार आणि घात यांच्या मधे ठेवा. एक्सेलमध्ये मात्र या दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, तिथे पहिल्याचं ६४ आणि दुसऱ्याचं ४. तुमचा युजर दिवसभर एक्सेलमध्ये बसणारा अकाउंटंट असेल तर तक्रार येणार हे गृहीत धरा. तरी गणिताच्या बाजूने राहा.

आणि घाताला मर्यादा घाला, नाहीतर ९^९^९ वालं नाटक इथेही होईल.

पायरी ५: टक्के, म्हणजे खरी परीक्षा

अल्गोरिदम एका संध्याकाळी लिहून होतो, टक्क्यांवर मात्र खरंच बसून विचार करावा लागतो. गणितात १०% म्हणजे ०.१, विषय संपला. पण दुकानात ५०० − १०% टाकणाऱ्याला ४९९.९ दाखवलंत तर तो ॲप तिथेच अनइन्स्टॉल करेल, त्याला ४५० हवेत. आणि ५०० × १०% ला ५० हवेत. म्हणजे टक्क्याचा अर्थ शेजारी कोणता ऑपरेटर आहे त्यावर ठरतो.

यासाठी संख्यांच्या स्टॅकवर नुसती संख्या न ठेवता सोबत एक खूण ठेवा, ही टक्का आहे का. % चं चिन्ह संख्येनंतर येतं, त्यामुळे झेंडा ऑपरेटर हवा म्हणत असतानाच ते चालेल. आलं की वरच्या संख्येवर खूण करायची आणि झेंडा तसाच ठेवायचा. मग हिशोब करताना बेरीज किंवा वजाबाकी असेल आणि उजवीकडच्या संख्येवर खूण असेल तर डावीकडच्या संख्येचे तेवढे टक्के काढून मिळवा किंवा वजा करा. बाकी सगळीकडे १०० ने भागून साधी संख्या करा. कंस बंद होताना आत एकटा टक्का उरला असेल तर तोही साधा करून टाका.

डावीकडून सुटत असल्यामुळे याचा एक फायदा होतो. २०० + ५० + १०% मध्ये १०% हे २५० वर लागतात, उत्तर २७५, दुकानदाराला हेच अपेक्षित असतं. आणि ५०० − १०% − १०% चं उत्तर ४०५ येतं, ४०० नाही. सेलमध्ये "१० वर आणखी १०" लिहिलेलं असतं त्याचा हिशोब असाच लागतो, त्यामुळे युजर म्हणाला की तुमचा ॲप पाच रुपये जास्त लावतोय तरी कोड बदलू नका.

सगळ्यात जास्त तक्रारी येतील त्या जीएसटीच्या. १८ टक्के धरून बिल ११८० झालंय, मूळ किंमत काढायची, माणूस सरळ टाकतो ११८० − १८%. तुमचा ॲप दाखवणार ९६७.६० आणि ते बरोबर आहे, कारण ११८० चे १८ टक्के वेगळे आणि १००० चे वेगळे. मूळ किंमत हवी तर १.१८ ने भागायचं. हे टक्क्याच्या बटणात घुसडायचा प्रयत्न अजिबात करू नका, जमणार नाही आणि बाकीचे हिशोब बिघडतील. टेबलावरच्या काही कॅल्क्युलेटरवर असतात तशी जीएसटी मिळवा आणि जीएसटी काढा अशी दोन वेगळी बटणं द्या. मशीद बंदर, काळबादेवीकडच्या पेढ्यांवर तुमचा ॲप वापरला जावा असं वाटत असेल तर डार्क मोडच्या आधी हे करा.

पायरी ६: दशांशाची भानगड

०.१ + ०.२ चं उत्तर साध्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये ०.३०००००००००००००००४ येतं. मशीन बिघडलेलं नाही. आकडे बायनरीत साठवले जातात आणि ०.१ बायनरीत नेमका मांडताच येत नाही, जसा एक तृतीयांश आपल्याला दशांशात नेमका लिहिता येत नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे चालणाऱ्या सगळ्या भाषांत हेच दिसेल.

स्वस्तातला उपाय म्हणजे हिशोब डबलमध्येच (याच फ्लोटिंग पॉइंट प्रकारात) करा आणि फक्त दाखवताना १२ सार्थ अंकांपर्यंत गोल करा. शिकाऊ ॲपला हे पुरतं. फक्त मोठ्या संख्यांकडे लक्ष ठेवा, डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका बसेल याची खात्री नाही.

पैशाचा हिशोब असेल तर डेसिमल टाइप घ्या. जावा-कोटलिनमध्ये बिगडेसिमल आहे, पण तो नेहमी स्ट्रिंगवरून बनवायचा, डबलवरून बनवलात तर ०.१ मधली घाण सोबत येते. आणि भागाकाराला किती अंक हवेत ते सांगावंच लागतं, नाहीतर १ ÷ ३ वर जावात तो एक्सेप्शन फेकतो. पायथनचा डेसिमल २८ अंकांवर आपणच थांबतो. याच्याही पुढे कोणी जातं का? जातं. गूगलच्या अँड्रॉइड कॅल्क्युलेटरमागचं गणित हान्स बोम यांनी असं बांधलंय की उत्तर ठराविक अंकांवर कापलं जात नाही, १ ÷ ३ करून उत्तरावर बोट सरकवत राहा, अंक येतच राहतात. आपल्याला एवढं नको, पण बघून तरी ठेवा.

पायरी ७: चुकलेल्या ओळी आणि टाईप होत असलेल्या ओळी

हे दोन वेगळे प्रकार आहेत. युजर "५ +" पर्यंत आलाय आणि तुम्ही लाल अक्षरात एरर दाखवली तर तो वैतागणार, अरे लिहितोय ना मी अजून. टाईप चालू असताना उत्तर निघालं तर फिकट रंगात दाखवा, नाही निघालं तर गप्प बसा. बरोबरचं बटण दाबल्यावरच तक्रार करायची. शेवटचा कंस बंद करायचा राहिला असेल तर आपणच बंद करून टाका, बहुतेक फोनवर तसंच होतं आणि कोणाचं बिघडत नाही. बंद कंस जास्त झाला तर मात्र एरर, कारण उघडणारा कुठे हवा होता ते आपल्याला कसं कळणार.

शून्याने भागाकार भाषेवर सोडू नका. जावास्क्रिप्ट इन्फिनिटी देतो, पायथन एक्सेप्शन फेकतो. भागायच्या आधी स्वतः तपासा आणि "शून्याने भागता येत नाही" असं मराठीत सांगा. नुसतं "एरर" लिहिलेलं कोणालाच आवडत नाही, शक्य असेल तर ओळीत कुठे अडलं ती जागा दाखवा. त्यासाठी टोकन बनवताना त्याचा स्ट्रिंगमधला नंबर सोबत ठेवायचा.

बटणांबद्दलही एक सांगतो, कारण हिशोब बरोबर असून उत्तर चुकू शकतं. २०१७ मध्ये आयओएस ११ च्या कॅल्क्युलेटरवर १ + २ + ३ भरभर दाबलं की २४ यायचं. बटणाचं ॲनिमेशन संपायच्या आत दाबलेलं दुसरं + गिळलं जायचं आणि उरायचं १ + २३. ॲनिमेशन कितीही देखणं असो, दाबलेलं बटण आधी नोंदवा.

पायरी ८: टेस्ट

हाताने दाबून दाबून बघण्यात वेळ घालवू नका, एका फाईलमध्ये ओळ आणि अपेक्षित उत्तर अशा जोड्या लिहा आणि प्रत्येक बदलानंतर सगळ्या चालवा. निदान एवढ्या हव्यातच:

८ − ३ − २ → ३
८ − ३ + २ → ७
८ ÷ ४ ÷ २ → १
२ × −३ → −६
−२^२ → −४
२^−१ → ०.५
२^३^२ → ५१२
(२ + ३ → ५
५०० − १०% → ४५०
१,००,००० + १ → १,००,००१
०.१ + ०.२ → ०.३
२ ३ + → एरर
१ ÷ ० → एरर

त्यानंतर एक छोटी स्क्रिप्ट लिहा जी रँडम ओळी तयार करेल, आणि तुमचं उत्तर पायथनच्या इव्हॅलच्या उत्तराशी ताडून बघा. हो, तोच इव्हॅल. इथे ओळी तुम्हीच बनवताय, बाहेरचं कोणी काही टाकत नाही, त्यामुळे चालतो. फक्त टक्के वगळा आणि घाताचं चिन्ह बदलून द्या.

उत्तर दाखवताना स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने हवेत, १००,००० नको. जावास्क्रिप्टच्या नंबर फॉरमॅटरला मराठी-भारत लोकेल दिलं की १,००,००० असं देवनागरीत येतं. हे फक्त दाखवण्यापुरतं, आत साठवायची ती स्वल्पविराम नसलेली संख्याच.

पुढे वाढवायचं असेल तर

वर्गमूळ, साइन, लॉग वगैरे ऋणचिन्हासारखेच वागतात, संख्या हवी असताना येतात आणि एक संख्या घेतात. टोकन बनवताना अक्षरं गोळा करून नाव ओळखा, ऑपरेटरच्या स्टॅकवर ठेवा, आणि बंद कंसाने आपला उघडणारा कंस काढल्यावर खाली फंक्शन बसलेलं असेल तर ते लगेच चालवा. ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं तर शून्याच्या भागाकारासारखंच मराठीत सांगायचं. साइन, कोसाइन देणार असाल तर डिग्री की रेडियन हे सेटिंगच्या तिसऱ्या पानावर लपवू नका, स्क्रीनवर सतत दिसू द्या. भाषांची तयार फंक्शनं रेडियन धरून चालतात, आणि साइन ३० ला ०.५ च्या ऐवजी −०.९८८ आलं की बारावीचा पोरगा ॲपला शिव्या घालणार.